स्वस्त मिळतं, पण सूट सोडली कोणी? मोठ्या सवलतीच्या दुकानांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पगार झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी पुण्यातल्या बहुतेक डीमार्टबाहेर गाड्यांची रांग रस्त्यावर आलेली असते. त्याच रांगेतले लोक घरी गेल्यावर विचारतात, की आपण कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या पोटावर पाय तर देत नाही ना? सोसायटीच्या गटावर, भिशीत, ग्राहक चळवळीच्या बैठकांत हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. ती निःपक्षपाती नाहीत. मला जे वाटतं ते मी झाकलेलं नाही.

अशा दुकानातून किराणा भरणं चुकीचं आहे का?

नाही. दुकान मोठं म्हणून गुन्हेगार होत नाही आणि लहान म्हणून साधू होत नाही. विचारायचं ते वेगळंच आहे. एखाद्या डब्यावर एमआरपीपेक्षा बारा रुपये कमी लागले, तर ते बारा रुपये कोणी सोडले? उत्पादक कंपनीने, दुकानाच्या मालकाने, पुरवठादाराने, की दिवसभर ट्रॉल्या गोळा करणाऱ्या पोराने? काही उत्तरांना हरकत घेण्याचं कारण नाही, काहींना आहे. पुढची बरीचशी उत्तरं याच हिशेबाची आहेत.

एमआरपीच्या खाली विकणं कायद्यात बसतं का?

बसतं. एमआरपी ही वरची मर्यादा आहे. तिच्या वर विकणं गुन्हा आहे, खाली कितीही विका.

मग त्यांना इतकं स्वस्त परवडतं तरी कसं?

डीमार्टचं उदाहरण घेऊ, कारण कंपनी शेअर बाजारात असल्यामुळे तिचे आकडे उघड आहेत. राधाकिशन दमाणी यांनी पहिलं दुकान 2002 मध्ये पवईत काढलं. आज देशात चारशेहून जास्त दुकानं आहेत. त्यातली बहुतेक जागा कंपनीच्या मालकीची किंवा लांब मुदतीच्या कराराची आहे. कोथरूड किंवा बाणेरला ज्याने गाळा भाड्याने घेतला आहे, त्याला भाडं नसणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. दुसरं, पुरवठादाराला पैसे लवकर देऊन त्याच्याकडून भाव कमी करून घ्यायचा. तिसरं, खपणारा मालच ठेवायचा. शोभेसाठी चाळीस प्रकारची लोणची मांडायची नाहीत. चौथं, दुकान चकचकीत करण्यावर खर्च नाही. अरुंद वाटा, खोक्यांचे ढीग आणि रविवारी त्यातून वाट काढणारे आपण.

ढोबळ नफा विक्रीच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो आणि सगळा खर्च वजा जाता हातात साडेचार-पाच टक्के उरतात. 2024-25 मध्ये कंपनीची उलाढाल 59 हजार कोटींच्या वर होती आणि निव्वळ नफा 2,700 कोटींच्या आसपास. म्हणजे शंभर रुपयांच्या वाणसामानावर पाच रुपयेही सुटत नाहीत, पण असे शंभर रुपये अफाट वेळा येतात.

यात पाप कुठे आहे? स्वतःच्या जागेत दुकान आणि रोख व्यवहार यांतून आलेली सूट खुशाल घ्यावी. कोणाचा खिसा कापून ती आलेली नाही. तुळशीबागेतले आणि बोहरी आळीतले जुने व्यापारीही हेच करत आले आहेत, फक्त एका गाळ्यापुरतं.

पुरवठादारांना पिळतात, असं ऐकतो. खरं आहे का?

सगळ्यांना सारखं नाही. साबण आणि टूथपेस्ट विकणारी बहुराष्ट्रीय कंपनी आणि साखळी दुकान हे दोन पैलवान आहेत, त्यांची कुस्ती त्यांना लखलाभ. भोसरीत चाळीस माणसं कामाला ठेवून प्लॅस्टिकचे डबे काढणाऱ्या कारखानदाराची गोष्ट निराळी. त्याचा निम्म्याहून जास्त माल एकच साखळी घेत असेल, तर भाव ठरवायला तो बसतच नाही, फक्त ऐकतो. फळीवर चांगली जागा हवी तर पैसे, योजनेतली सूट अर्धी तुमच्या अंगावर, न खपलेला माल परत, असे प्रकार या धंद्यात जगभर चालतात. कुठली साखळी यातलं काय करते हे बाहेरून दिसत नाही.

कायदा थोडा लहान कारखानदाराच्या बाजूला आहे. 2006 च्या सूक्ष्म व लघुउद्योग कायद्यानुसार करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. वेळेत पैसे न दिल्यास त्या वर्षी तो खर्च प्राप्तिकरात धरता येत नाही, ही तरतूद 2024 पासून आली आणि अनेकांची थकबाकी एकदम सुटली. तरी तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळेल का, हे कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

मधल्या माणसाचं, म्हणजे वितरकाचं, भांडण वेगळं. घाऊक विक्रीच्या मोठ्या कंपन्यांना आणि ॲपना उत्पादक जास्त सवलत देतात, त्यामुळे दुकानदाराला तोच माल आमच्यापेक्षा तिथे स्वस्त पडतो, अशी वितरकांची जुनी तक्रार. 1 जानेवारी 2022 पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटचा काही माल दुकानांना द्यायचाच थांबवला होता. तेव्हा बऱ्याच गिऱ्हाइकांना पहिल्यांदा कळलं, की आपल्या दुकानदाराच्या मागे टेम्पो घेऊन फिरणारा आणखी एक माणूस आहे.

तिथल्या कामगारांचं काय?

मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथे.

दुकानात दिसणारे सगळे लोक दुकानाचे नोकर नसतात. शांपूच्या फळीपाशी कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट घालून उभी असलेली मुलगी बहुतेक वेळा त्या ब्रँडने एजन्सीमार्फत ठेवलेली असते. ट्रॉल्या आणणारा, फरशी पुसणारा, गेटवर बिलावर शिक्का मारणारा यांतले बरेच कंत्राटदाराचे. डीमार्टच्याच वार्षिक अहवालात कंत्राटी लोकांची संख्या कायम नोकरांच्या कितीतरी पट आहे. यात बेकायदा काही नाही. पण दहा-बारा वर्षं एकाच प्रकारचं काम चालू असेल आणि माणूस दर वर्षी नवा कागद सही करून पुन्हा नवखा होत असेल, तर सवलतीतले काही रुपये त्याने सोडले आहेत, असंच म्हणावं लागेल.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मोठ्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केला आहे. कायम किती, कंत्राटी किती, बायका किती, विमा किती जणांना, अपघात किती, सगळं त्यात असतं. कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तुमच्याकडे शेअर असेल तर वार्षिक सभेत प्रश्न विचारायचा हक्कही असतो. पुण्यात ज्यांच्याकडे या कंपन्यांचे शेअर आहेत आणि जे रविवारी तिथेच रांगेत असतात, अशी माणसं थोडी नाहीत.

आणि उभं राहणं. काउंटरवरची मुलगी आठ-नऊ तास उभी असते. कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी आंदोलन केलं, त्यानंतर केरळने 2018 मध्ये कायदा बदलून दुकानात बसायची सोय सक्तीची केली. तमिळनाडूने 2021 मध्ये तेच केलं. स्टूल काही फार महाग वस्तू नाही. पुढच्या वेळी मॅनेजर दिसला तर एवढंच विचारा, की यांना बसायला काही का नाही? दहा जणांनी विचारलं तर तो वरती कळवतो. भांडायची गरज नाही, पुणेरी आवाजात विचारलं तरी पुरतं.

पण कोपऱ्यावरच्या दुकानात तरी कामगारांचं कुठे बरं चालतं?

बरोबर मुद्दा, आणि तो सोयीने विसरला जातो. अनेक दुकानांत गावाकडून आणलेली पोरं सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत राबतात आणि पोटमाळ्यावर झोपतात. पीएफ नाही, आठवड्याची सुटी बेताची. 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा थोडी माणसं असलेल्या दुकानाला जवळपास नावापुरताच लागतो. साखळी दुकानात निदान पगार बँकेत जमा होतो आणि कागदावर आठवड्याची सुटी असते. तेव्हा ‘लहान दुकान म्हणजे माणुसकी’ हे समीकरण मी तरी मानत नाही.

मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं आपण काही देणं लागतो का?

दुकानदाराचं म्हणून नाही. त्याच्याकडून घेतलेल्या सेवेचं मात्र लागतो. तो उधारी देतो, वही ठेवतो. पाव किलो रवा देतो. दुपारी फोन केला तर पोराबरोबर खोबरेल तेलाची एक बाटली पाठवतो. 2020 च्या टाळेबंदीत पेठांमध्ये रस्ते पत्रे लावून बंद होते तेव्हा अर्ध्या शटरखालून यादी घेऊन सामान दिलं ते यांनीच. या सेवेचा खर्च त्याच्या भावात असतो. ब्रँडेड मालावर त्याला साधारण दहा टक्क्यांच्या आसपास सुटतात, थोडं जास्त सुटतं ते सुट्या धान्यावर, पोह्यांवर, मसाल्यावर.

आता घरोघरी काय चालतं? महिन्याचं तेल, साखर, डाळ, साबण साखळी दुकानातून, आणि तिथे विसरलेली कोथिंबीर, काडेपेटी, पाच रुपयांचं जिरं कोपऱ्यावरून, तेही पाचशेची नोट देऊन. म्हणजे खपाचा माल तिकडे आणि मोडीचा त्रास इकडे. हे मला अप्रामाणिक वाटतं. त्याचं दुकान उघडं राहायला हवं असेल तर महिन्याच्या यादीतल्या चार-सहा मोठ्या वस्तू त्याच्याकडून घ्या. नको असेल तर रात्री साडेनऊला त्याचं शटर वाजवू नका.

सासूबाई म्हणतात ‘आपला वाणी तो आपला वाणी’ आणि सूनबाई मोबाइलवर भाव दाखवते. या वादात दोघींचंही म्हणणं बरोबर असतं, कारण एक सेवेबद्दल बोलते आणि दुसरी मालाबद्दल.

मार्केट यार्डाचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा, आणि पुण्यात राहून तो माहीत नसणं बरं दिसत नाही. गुलटेकडीच्या भुसार बाजारात पोतं गाडीतून उतरतं तेव्हा हमाली लागते, तोलाई लागते. त्यावर माथाडी मंडळाची (ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठीच्या मंडळाची) लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, व्यापाऱ्याने भरायची असते, तिच्यातून हमालाला पीएफ, बोनस, औषधपाणी मिळतं. हे आपोआप झालं नाही. बाबा आढावांनी 1950 च्या दशकात हमाल पंचायत ही हमालांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षं लढे झाले आणि 1969 मध्ये माथाडी कायदा आला. पाठीवर शंभर किलोचं पोतं वाहणाऱ्या असंघटित माणसाला म्हातारपणची सोय देणारा तो कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्रात झाला. हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मध्ये जेवलेल्या पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

साखळी दुकान डाळ थेट गिरणीतून आपल्या गोदामात नेतं. आडत म्हणजे दलाली वाचली, दोन वेळची हमाली वाचली, यार्डातली लेव्हीही वाचली. वाचलेल्या आडतीबद्दल मला काही दुःख नाही. मधे नुसता फोन उचलणारा माणूस कमी झाला तर झाला. पण महामार्गालगतच्या त्या गोदामातही पोती कोणीतरी उचलतंच. तो माणूस माथाडी मंडळात नोंदलेला आहे का, की कंत्राटदाराकडे रोजावर आहे? नोंदलेला असेल तर उत्तम. नसेल तर आपल्या डाळीची सूट त्याच्या म्हातारपणातून आली आहे. आणि हो, यार्डातही लेव्ही चुकवणारे व्यापारी आहेतच.

अशा दुकानातून भाजी घेतली तर शेतकऱ्याला जास्त पैसे मिळतात का?

कधीकधी. जुलै 2016 मध्ये राज्याने फळं आणि भाज्या बाजार समितीच्या बंधनातून मोकळ्या केल्या, तेव्हापासून साखळ्यांना शेतकऱ्याकडून सरळ खरेदी करणं सोपं झालं. त्यांचं संकलन केंद्र जवळ असेल तर वाहतूक वाचते आणि वजनात खोट नसते. पण ते निवडक माल घेतात. एकसारखा, डाग नसलेला टोमॅटो जातो, उरलेला घेऊन शेतकऱ्याला बाजारात जावंच लागतं, आणि नुसत्या उरलेल्या मालाला भाव पडून मिळतो. भाजी मंडईतून किंवा कोथरूडसारख्या भागात भरणाऱ्या शेतकरी आठवडे बाजारातून घ्यावी, हे माझं मत. ताजी असते हे कारणही पुरेसं आहे.

दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचे काजू, बिस्किटं घ्यावीत का?

घ्यावीत. ‘उत्पादक’ आणि ‘विपणन’ या दोन ओळी पाकिटावर वेगळ्या असतात, त्या वाचा. चौदा आकडी परवाना क्रमांक एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की परवाना कोणाचा ते दिसतं.

आणि स्वस्त कपडे?

किराण्यापेक्षा इथे जास्त सावध राहावं, असं मला वाटतं. डाळीच्या किमतीत मजुरीचा वाटा थोडा असतो. शर्ट मात्र माणसाच्या हातानेच शिवला जातो, त्यामुळे किंमत खूपच खाली आली की मजुरीवर संशय घ्यायला जागा असते. ढाक्याजवळ सावर इथे 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1,134 माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या लोकांना घरी पाठवलं, वरच्या शिलाई कारखान्यांनी कामगारांना परत बोलावलं, कारण युरोप-अमेरिकेतल्या स्वस्त कपड्यांच्या साखळ्यांच्या ऑर्डरी वेळेत जायच्या होत्या. त्या ढिगाऱ्यात प्रायमार्कसारख्या ब्रँडांचा माल होता.

पुण्यातल्या दुकानांतला कपडा अशाच ठिकाणी शिवला जातो, असं मी म्हणत नाही. लेबलवर कारखान्याचं नाव नसतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला कळायची सोयच नाही. जी साखळी आपल्या कारखान्यांची यादी जाहीर करते तिला जास्त गुण द्यावेत. आणि चारशेचे चार कुर्ते घेण्याऐवजी लक्ष्मी रोडवरून कापड घेऊन शिवून घेतलेले दोन जास्त टिकतात, हे घरातल्या कोणत्याही मावशी सांगतील.

अमेरिकेतल्या वॉलमार्टबद्दल जे वाचतो ते इथे लागू होतं का?

थोडं. तिथे लहान गावांतल्या बाजारपेठा ओस पडल्या, पगारावरून आणि बायकांच्या बढतीवरून खटले झाले. सुमारे पंधरा लाख स्त्री कर्मचाऱ्यांच्या वतीने 2001 मध्ये दाखल झालेला दावा सामूहिक म्हणून चालवायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये नकार दिला. आपल्याकडे वस्ती दाट, गाडी नसलेली घरं पुष्कळ आणि पाच-दहा रुपयांची पुडी घेणारी गिऱ्हाइकं अगणित, त्यामुळे कोपऱ्यावरचं दुकान त्या वेगाने मरत नाही. 2012 मध्ये परदेशी कंपन्यांना अनेक ब्रँड विकणाऱ्या किरकोळ दुकानांत 51 टक्के गुंतवणुकीची मुभा दिली तेव्हा मोठा गदारोळ झाला. परदेशी नावं त्या दाराने फारशी आलीच नाहीत. वॉलमार्टने 2018 मध्ये फ्लिपकार्ट विकत घेतलं, आणि इथल्या दुकानदारासमोर उभ्या राहिल्या त्या आपल्याच कंपन्या.

दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ॲपपेक्षा साखळी दुकान बरं का?

माझ्या मते बरं. निदान पाय आपले आणि पिशवी आपली. पावसात कर्वे रोडवर स्कूटर हाणणाऱ्या पोराला कंपनी नोकर मानत नाही.

पिशवीचे पैसे द्यायचे का?

आधी न सांगता थेट बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये म्हटलं आहे. तक्रार 1915 या क्रमांकावर करता येते. पण घरातून दोन कापडी पिशव्या न्यायला काय होतं?

माझं उत्पन्न कमी आहे. मला या सगळ्याचा विचार करणं परवडत नाही.

मग करू नका. मनात कसलाही किंतू न ठेवता जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्या. हा हिशेब ज्यांना महिन्याला हजार रुपये इकडे-तिकडे झाले तरी कळत नाही त्यांच्यासाठी आहे. उलट घरकामाच्या ताईंना दिवाळीला साखळी दुकानाचं कूपन देणाऱ्यांनी रोख पैसे द्यावेत. कुठून काय आणायचं ते त्यांना कळतं.

तिथे गेलं की नको ते घेतलं जातं. हाही नैतिक प्रश्न आहे का?

नैतिक कमी, घरखर्चाचा जास्त. ‘एकावर एक’ पाहिलं की ट्रॉली भरते. पाकिटावर एमआरपीशेजारी आता प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो किंमत छापलेली असते. मोठा डबा नेहमी स्वस्त पडतोच असं नाही, हे तिथे दिसतं.

दुसरा काही मार्ग आहे का?

आहे, आणि तो पुण्याला नवा नाही. अखिल भारतीय ग्राहक पंचायत 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यातच सुरू केली. टिळक रोडवरची ग्राहक पेठ त्याच विचारातली. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून शेजारपाजारच्या घरांचे संघ करून महिन्याचं सामान एकत्र घेते. दुकान नाही, जाहिरात नाही, त्यामुळे सवलतीचा हिशेब सगळ्यांना दिसतो. अडचण एवढीच, की संघातल्या लोकांनी स्वतः वाटप करायचं असतं, आणि हल्ली वेळ द्यायला माणसं मिळत नाहीत.

आमच्या सोसायटीत एकत्र खरेदी करायची आहे. सुरुवात कशी करावी?

पंधरा-वीस घरं पुरतात. पैसे आधी गोळा करा, नंतर नाही. भुसार बाजारात दोन-तीन गाळ्यांवर भाव विचारा, नमुना हातात घेऊन बघा, बिल मागा. धान्य-डाळींच्या 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीवर 5 टक्के जीएसटी लागतो, त्यावरच्या वजनाला लागत नाही. तांदळाची 26 किलोची पिशवी बाजारात दिसते ती यासाठी. हमालीत घासाघीस करू नका. टेम्पो ठरवताना माल कोणत्या मजल्यापर्यंत चढवायचा ते आधी बोलून घ्या, आणि वाटपाला पार्किंगमध्ये वजनकाटा ठेवा. पहिल्या महिन्यात फक्त तूरडाळ, साखर आणि गूळ. गव्हाला मार्च ते मे थांबा, तेव्हा नवा लोकवन आणि सिहोर आलेला असतो.